वाचकांचे प्रश्न: विचारलं तर काय सांगू?

प्रश्न: मी अहमदनगरला एका ऑफिसात आहे, आमच्या सेक्शनला मी एकटीच ख्रिस्ती. नाताळात करंज्या नेल्या की सगळ्या विचारतात, तुमच्यात नेमकं काय असतं गं, आणि मी केक-बिक असं काहीतरी बोलून विषय बदलते. घरी आल्यावर वाईट वाटतं. कसं बोलावं?

उत्तर: अहो ताई, त्या स्वतःहून विचारतायत, अजून काय हवं! बायबलमध्ये पेत्राच्या पहिल्या पत्रात ३:१५ ला हेच आहे, आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा पण सौम्यतेने, म्हणजे विचारलं तेवढं सांगा, डब्याबरोबर प्रवचन वाढू नका (आमच्यातली काही उत्साही मंडळी हेच करतात, मग लोक टेबल बदलतात). स्वतःचंच सांगा, कधी अडचणीत प्रार्थनेनं धीर आला असेल ते, दोन-तीन वाक्यांत, आणि डबा पुढे करा. कवी ना. वा. टिळकांना रेल्वेत एका सहप्रवाशानं बायबलचा नवा करार दिला, लगेच काही झालं नाही, बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले १८९५ मध्ये, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर पाचेक वर्षांनी! तुमच्या सेक्शनला कसली घाई? आणि हो, कोणाच्या घरी आजारपण असलं तर 'प्रार्थना करू का' एवढं विचारा, नको म्हणाली तर चहा सांगा. दिवाळीला बोलावलं तर नक्की जा, तिथे तुम्ही विचारा आणि त्यांना बोलू द्या.