काल्पनिक जगातल्या राज्याची लोकसंख्या किती धरावी?

राज्याचं क्षेत्रफळ नाही, डोंगर-जंगल सोडून उरलेल्या जमिनीचं क्षेत्रफळ घ्या आणि त्याला दर चौरस किलोमीटरला साधारण ३० माणसांनी गुणा. समजा, तुमचं राज्य मध्ययुगीन वळणाचं आणि ४०० बाय ३०० किलोमीटरचं आहे, म्हणजे १,२०,००० चौ. किमी. निम्मं डोंगर-जंगलात गेलं, तर उरलेल्या ६०,००० वर १८ लाख लोक. हा आकडा हवेतला नाही. १०८६ च्या डूम्सडे बुकातल्या (इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीतल्या) नोंदींवरून इतिहासकार तेव्हाच्या इंग्लंडची लोकसंख्या १५ ते २० लाख धरतात, आणि इंग्लंडचं क्षेत्रफळ सुमारे १,३०,००० चौ. किमी आहे. म्हणजे जवळपास तुमच्याच मापाचं राज्य! लोकसंख्या इतकी कमी असण्याचं मूळ कारण धान्य. मध्ययुगीन युरोपात एक दाणा पेरला की तीन-चारच हाती यायचे, त्यातला एक पुन्हा बियाण्याला. म्हणून दहातली नऊ माणसं शेतात राबणार. शहरांत मिळून दीड-दोन लाख, राजधानीत तीस-चाळीस हजार, फार तर. लेखक घसरतात ते सैन्यावर: १८ लाखांच्या राज्यातून दोन लाखांची फौज उभी केली, तर कापणीला कोण? १५-२० हजार पुष्कळ झाले.

फक्त हे गणित गहू-जवासारख्या कोरडवाहू पिकांचं आहे. तुमच्याकडे पाण्याखालची भातशेती असेल, तर तीच जमीन कितीतरी जास्त माणसं पोसते. आणि जादूने पीक येत असेल, तर आधी जादूगारांची शिरगणती करा.