वाचकांचे प्रश्न : स्पॅनिशमधला 'बेस' आणि आपली 'वेळ'

या अंकातले सगळे प्रश्न एकाच स्पॅनिश नामाभोवतीचे आहेत : 'बेस', म्हणजे खेप. व्ही, ई, झेड अशा तीन अक्षरांचं हे स्त्रीलिंगी नाम, अनेकवचन 'बेसेस'. उच्चार लॅटिन अमेरिकेतल्या धाटणीने दिले आहेत. स्पेनमधला फरक पुढे येतोच.

प्रश्न : 'वेळ' म्हणायला त्येम्पो, ओरा आणि बेस असे तीन शब्द आहेत. बोलताना नेमका नको तोच तोंडात येतो. काही खूण आहे का?

खूण मराठीतच आहे. 'वेळ' आपण दोन लिंगांत वापरतो. 'मला वेळ मिळाला नाही' यातला वेळ पुल्लिंगी, म्हणजे अवधी. 'जेवायची वेळ झाली' यातली वेळ स्त्रीलिंगी, म्हणजे घड्याळातली ठरलेली घटका. तो वेळ म्हणजे त्येम्पो : 'नो तेंगो त्येम्पो', मला वेळ नाही. ती वेळ म्हणजे ओरा : 'एस ला ओरा दे कोमेर', जेवायची वेळ झाली. आणि जिथे 'खेप' किंवा 'दा' घालून वाक्य बिघडत नाही, तिथे बेस : 'यामे त्रेस बेसेस', तीनदा फोन केला. त्यामुळे 'किती वेळ?' हे 'क्वांतो त्येम्पो?' आणि 'कितीदा?' हे 'क्वांतास बेसेस?'

'पुष्कळदा' म्हणायचं असताना 'मुचोस त्येम्पोस' म्हणणं ही नेहमीची चूक. बरोबर रूप 'मुचास बेसेस'. बेस स्त्रीलिंगी, म्हणून 'मुचास'. 'दोस त्येम्पोस' म्हणालात तर ऐकणाऱ्याला फुटबॉलचे दोन हाफ आठवतील, कारण सामन्याच्या पहिल्या हाफला 'प्रिमेर त्येम्पो' म्हणतात.

'या वेळी' मात्र जपून. 'या वेळी तो पास झाला' यातली वेळ म्हणजे खेप, म्हणून 'एस्ता बेस'. 'इतक्या रात्री, या वेळी कोण आलं?' यातली घड्याळाची, म्हणून 'आ एस्ता ओरा'. शिवाय 'वेळी' मधल्या सप्तमीच्या ओढीने 'एन एस्ता बेस' म्हणायचा मोह होतो. तो 'एन' काढून टाका, नुसतं 'एस्ता बेस' पुरतं. ('ओकास्योन' या जवळच्या शब्दाआधी मात्र 'एन' लागतो : 'एन एस्ता ओकास्योन'.) 'पहिल्यांदा'चंही असंच. पुढे 'के' असेल तर शब्दयोगी काही नको : 'ला प्रिमेरा बेस के बी एल मार', समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा. 'के' नसेल तर 'पोर' हवा : 'बी एल मार पोर प्रिमेरा बेस', समुद्र पहिल्यांदाच पाहिला.

प्रश्न : अनेकवचनात झेड कुठे जातो? आणि लिहितात व्ही, तर उच्चार 'ब' का?

स्पॅनिशमध्ये ई आणि आयच्या आधी झेड सहसा लिहीत नाहीत, तिथे सी येतो. अनेकवचनाचा 'ईएस' जोडला की झेडच्या पुढे ई येते, म्हणून झेडचा सी. लुस–लुसेस (दिवा), लापिस–लापिसेस (पेन्सिल) यांचंही तसंच. बेस किंवा बेसेस या शब्दांवर आघातचिन्ह कधीच येत नाही.

बी आणि व्ही यांच्या उच्चारात स्पॅनिश भेद करत नाही. बोलायला सुरुवात करताना किंवा अनुनासिकानंतर ओठ पूर्ण मिटून 'ब' येतो. इतरत्र, म्हणजे 'ऊना बेस' किंवा 'ओत्रा बेस' मध्ये, ओठ फक्त जवळ येतात, मिटत नाहीत. आपल्या 'व'सारखं, पण खालचा ओठ वरच्या दातांकडे न नेता. 'एन बेस दे' (च्याऐवजी) सहज बोलताना 'एम्बेस दे' होतं, कारण ओठ मिटण्याच्या तयारीत 'न'चा 'म' होतो. ऐकताना हा शब्द निसटतो तो बहुतेक इथेच.

स्पेनच्या बहुतांश भागात शेवटचा झेड म्हणताना जिभेचं टोक दातांमध्ये येतं आणि हवा वाहती राहते. आपला 'थ' चालत नाही, त्यात हवा अडते. लॅटिन अमेरिकेत तो सरळ 'स' असल्यामुळे 'बेस' (खेप) आणि शेवटी एस असलेला 'बेस' (तू पाहतोस) कानाला सारखेच. म्हणून 'ताल बेस' (कदाचित) एस घालून लिहिण्याची चूक तिथल्या लोकांकडूनही होते, जशा आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाच्या होतात.

प्रश्न : 'पुन्हा एकदा'साठी 'ऊना ओत्रा बेस' बरोबर का?

नाही. 'ओत्रा'च्या आधी 'ऊना' लागत नाही. 'ओत्रा बेस' म्हणा. क्रियापदासोबत 'बोल्बेर आ' जास्त सहज वाटतं : 'ब्वेल्बो आ यामार', मी परत फोन करतो.

प्रश्न : 'ताल बेस'नंतर क्रियापदाचं कोणतं रूप?

'ताल बेस' आधी आलं तर दोन्ही चालतात. 'ताल बेस बेंगा' (संशयार्थ) मध्ये शंका जास्त, 'ताल बेस ब्येने' (निश्चयार्थ) मध्ये कमी. क्रियापद आधी आलं तर फक्त निश्चयार्थ : 'ब्येने मान्याना, ताल बेस', उद्या येईल, कदाचित. 'बेंगा मान्याना, ताल बेस' चुकीचं.

प्रश्न : 'ऊना बेस तेरमिनादा ला क्लासे' यात 'ऊना बेस' म्हणजे 'एकदा' कसं?

आपलं 'एकदा का तास संपला की' आठवा, अगदी तेच. फक्त धातुसाधित पुढच्या नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं : 'तेरमिनादा ला क्लासे', पण 'तेरमिनादो एल त्राबाहो' आणि 'तेरमिनादास लास क्लासेस'. सगळीकडे 'तेरमिनादो' ठेवणं ही इथली ठरलेली चूक. भविष्याबद्दल पूर्ण वाक्य हवं असेल तर 'ऊना बेस के' आणि संशयार्थ : 'ऊना बेस के तेरमिने ला क्लासे, ते यामो', तास संपला की तुला फोन करतो.

प्रश्न : 'कादा बेस' म्हणजे 'प्रत्येक वेळी' ना? मग 'कादा बेस मास' म्हणजे काय?

'कादा बेस के' म्हणजे जेव्हा जेव्हा. तुलनावाचक शब्द जोडला की अर्थ 'दिवसेंदिवस' किंवा 'उत्तरोत्तर' असा होतो : 'कादा बेस मास कारो', दिवसेंदिवस महाग. 'पेओर' (आणखी वाईट) स्वतःच तुलनावाचक आहे, म्हणून 'कादा बेस पेओर'. मध्ये 'मास' घालू नका.

प्रश्न : स्पेनमधल्या दुकानात 'क्येन दा ला बेस?' ऐकलं. कोण काय देतंय?

इथे बेस म्हणजे पाळी, नंबर. मांस, मासळी, भाजीच्या दुकानात लोक रांग न लावता विखुरलेले उभे असतात. आत आल्यावर 'क्येन दा ला बेस?' विचारायचं, शेवटी आलेला माणूस 'यो' (मी) म्हणतो. त्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्यानंतर तुमचा नंबर. पुढचा गिऱ्हाईक येऊन विचारेल तेव्हा 'यो' म्हणायची पाळी तुमची; गप्प राहिलात तर तो तुमच्या आधीच्या माणसामागे नंबर धरेल आणि काउंटरवर वाद होईल. लॅटिन अमेरिकेत अशा पाळीला सहसा 'तुर्नो' म्हणतात.