छोट्या स्टेकच्या पोकरमध्ये समोरच्याला अंदाज येऊ नये म्हणून सारखी स्टाइल बदलत राहावी का?

तुम्ही लिहिलंय की अटलांटिक सिटीत १-२ डॉलरच्या होल्डम टेबलवर (प्रत्येकाला दोन बंद पत्ते आणि मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडे, असा पोकर) बसता, चांगल्या पत्त्यांची वाट बघून खेळता, आणि आता तुम्ही रेझ केला, म्हणजे बेट वाढवली, की सगळे फोल्ड करतात, म्हणजे पत्ते टाकून देतात, तर कधी टाइट (मोजकेच चांगले हात) कधी एकदम लूज (कुठलेही हात) असं आलटून पालटून खेळू का. मीपण न्यू जर्सीतच राहतो आणि याच लेव्हलला खेळतो. माझं स्पष्ट मत, बदलायचं म्हणून बदलू नका. समोर कोण बसलाय आणि त्याने तुमचं आत्तापर्यंत काय बघितलंय, त्यावरून बदला.

आधी लोकांना तुमचं दिसतं किती ते बघा ना. लाइव्ह टेबलवर तासाला २५-३० हात होतात, त्यातले बहुतेक तुम्ही फोल्ड करता, काहींमध्ये बेट लावून तिथेच पॉट, म्हणजे मध्ये जमलेले पैसे, उचलता, आणि शेवटपर्यंत जाऊन पत्ते उघडे पडले असे हात म्हणजे तासाला एखाद-दुसरा. दोन एक्के सरासरी २२१ हातांत एकदा येतात, म्हणजे सात-आठ तास बसलात तर एकदा. तर तुमची जी काही इमेज बनते ती त्या दोन-चार उघड्या पडलेल्या हातांवर बनते, बाकी 'आता मी गिअर बदलला' हे फक्त तुमच्या डोक्यात असतं, समोरच्याला त्याचा पत्ताही नसतो. २०१७ मध्ये पिट्सबर्गला लिब्राटस नावाच्या प्रोग्रॅमने चार प्रोफेशनल खेळाडूंना हरवलं, तो खरंच सतत मिसळून खेळायचा, पण ते एकूण १,२०,००० हात होते, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ३०,०००, आपल्या टेबलच्या स्पीडने हजार तास! आणि समोर रोज रात्री त्याचा खेळ तपासत बसणारी माणसं. आपल्या टेबलवर असं कोणी नाहीये. त्यामुळे लोकांना गोंधळात टाकायला म्हणून पहिल्या जागेवरून, म्हणजे सगळ्यांच्या आधी ठरवायचं असताना, ९-४ खेळणं वगैरे प्लीज नको, त्यात गोंधळ कुणाचाच होत नाही, चिप्स मात्र जातात.

आता समोर कोण. एक जण असतो जो टीव्हीवर मॅच बघत, गप्पा मारत खेळतो आणि त्याला काहीही लागलं की कॉल करतो, म्हणजे समोरच्याएवढे पैसे टाकून हातात राहतो. त्याच्यासाठी तुमची स्टाइल अस्तित्वातच नाही, तर त्याच्याविरुद्ध ब्लफ पूर्ण बंद, आणि चांगला हात लागला की पॉटच्या पाऊणपट लावा, कधी पूर्ण पॉटएवढे लावा, तो देतो. दुसरा म्हणजे रोजचा रेग्युलर. तुमच्या रेझला फोल्ड करणारे हेच, आणि तुम्ही ज्याची तक्रार करताय ती खरं तर तुमच्या हातातली चांगली गोष्ट आहे. तुम्हाला टाइट समजतात ना, मग शेवटच्या जागेवरून, म्हणजे बटणावर असताना, ७-६ एकाच रंगाचे असले तरी रेझ करा. ब्लाइंडचे (दोघांना पत्त्यांआधीच टाकावे लागतात ते) तीन डॉलर आणि कोणी लिंप केलं असेल, म्हणजे न वाढवता नुसते दोन टाकून आत आला असेल, तर त्याचे दोन, रक्कम छोटी वाटते पण बऱ्याच रूममध्ये फ्लॉपच, म्हणजे मधले पहिले तीन उघडे पत्ते, आला नाही तर रेकही, म्हणजे कॅसिनोचा हिस्साही, कापत नाहीत, अख्खे तुमचे. एकाने कॉल केला आणि फ्लॉप आला एक्का-८-३, तीन वेगवेगळे रंग, पॉटमध्ये २४ डॉलर. इथे १२ लावलेत तर तीनातून एकदा जरी त्याने फोल्ड केलं तरी तुम्ही बरोबरीत असता, आणि ज्याला वाटतं की हा फक्त एक्का-राजावरच रेझ करतो तो त्यापेक्षा बराच जास्त वेळा सोडून देणार. मग एखाद्या दिवशी ते ७-६ उघडे पडतील, टेबलवर कुजबुज होईल, तिथे लगेच मागे फिरायचं. पुढचा तास-दीड तास फक्त खरे हात, कारण आता तेच लोक तुम्हाला कॉल करणार आहेत. माझ्या मते बदलायची खरी वेळ ही एवढीच.

बाकी अंदाज येतो तो स्टाइलवरून कमी आणि बेटच्या आकड्यावरून जास्त. साध्या हाताला १० डॉलर आणि दोन गुलाम आले की घाबरून २०, ही सवय या लेव्हलला इतकी सगळीकडे आहे की अर्ध्या झोपेतला माणूसही ओळखतो. बोलरचा स्लोअर बॉल चालतो कारण हाताची अॅक्शन तीच असते, तसं तुमचा रेझ पत्ते न बघता ठरलेला हवा, समजा १० डॉलर आणि आधी जितक्यांनी लिंप केलंय त्या प्रत्येकामागे दोन वाढवायचे, हातात काहीही असो. वेळेचंही तेच, चांगला हात आला की झटकन बेट आणि ब्लफला विचार करत बसणं असं होत असेल तर प्रत्येक वेळी दोन श्वास घेऊन मगच चिप्सला हात लावा. आणि फ्लॉप पडल्यावर स्वतःच्या चिप्सकडे नजर जाते का ते बघा, पत्ते लागलेल्या माणसाची फार पटकन जाते, मी तर फ्लॉपच्या आधी समोरच्याचा चेहरा बघतो, फ्लॉप कुठे पळून जात नाहीये.

ब्लफ कधी करायचा हे मूडवर सोडू नका, पत्त्यांवर सोडा. समजा बोर्डवर, म्हणजे मधल्या उघड्या पत्त्यांत, तीन इस्पिक आहेत आणि तुमच्याकडे नुसता इस्पिकचा एक्का आहे, दुसरं इस्पिक नाही. फ्लश, म्हणजे आपल्या तीन पत्तीतला कलर, त्यातला सगळ्यात मोठा समोरच्याकडे असूच शकत नाही, कारण तो एक्का तुमच्या हातात आहे. रेग्युलरवर मोठा ब्लफ मारायची ही जागा. एक्का नसेल तर सोडून द्या. यात तुमचा ब्लफ आपोआप अधूनमधून येतो आणि त्याला पॅटर्न सापडत नाही.

एकच ठिकाण आहे जिथे मी तुम्हाला खरोखर मिसळून खेळायला सांगेन, ते म्हणजे दर आठवड्याला त्याच सहा-सात मित्रांबरोबरचा घरचा गेम. तिथे लोकांना गेल्या दिवाळीतले हातसुद्धा पाठ असतात. जॉन फॉन नॉयमनने १९२८ सालीच गणिताने दाखवलं होतं की दोघांच्या अशा खेळात, जिथे एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा, ठरलेल्या प्रमाणात पण रँडम मिसळलं तर समोरच्याला ते प्रमाण माहीत असूनही फायदा उठवता येत नाही. सात जणांच्या टेबलला ते जसंच्या तसं लागू होत नाही, पण शेवटी हात दोघांतच उरतो तेव्हा फार उपयोगी पडतं. अडचण अशी की माणसाला मनाने रँडम वागता येत नाही, दोनदा ब्लफ पकडला गेला की तिसऱ्यांदा हात मागे येतोच. म्हणून घड्याळ वापरा. चारातून एकदा ब्लफ करायचा ठरवलाय तर सेकंदकाटा १२ ते ३ च्या मध्ये असेल तरच करा, नाहीतर चेक, म्हणजे बेट न लावता पुढे. आणि काटा बघायची सवय प्रत्येक हाताला ठेवा, फक्त ब्लफच्या वेळी घड्याळ बघितलंत तर मित्रांच्या ते दुसऱ्याच आठवड्यात लक्षात येईल.