चार पायांच्या रोबोटला वर चाकंही कशाला लावतात? एक तर पाय द्या, नाही तर चाकं!

पायांचा रोबोट नुसता उभा असला तरी त्याची बॅटरी उतरत असते. गुडघे वाकलेले, आणि त्या वाकलेल्या गुडघ्यांवरचं वजन मोटरनेच पेलायचं. चालताना प्रत्येक पाऊल उचला, पुढे न्या, टेकवा, टेकवल्याचा धक्का सोसा. सपाट रस्त्यावर एवढा खटाटोप करून मिळतं काय, तर चाकाने सहज झालं असतं तेच.

झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 'एनीमल' या चार पायांच्या रोबोटच्या पायांच्या टोकांना मोटरची चाकं बसवली. २०१९ साली त्यांनी दिलेले आकडे असे: वेग सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी १४ किलोमीटरच्या आसपास, आणि अंतर कापायला लागणारी ऊर्जा चालण्यापेक्षा ८३ टक्क्यांनी कमी. चाकं कशाला, याचं उत्तर इथेच मिळतं.

मग पाय तरी कशाला? नुसतं ढकललेलं चाक त्याच्या त्रिज्येएवढ्या पायरीपाशी अडतं. पाय असला की चाक उचलून वर ठेवता येतं. तिथे मोटरने ते रोखून धरायचं, की त्याचंच पाऊल झालं. पण माझ्या मते या रोबोटमध्ये पायांचं मोठं काम चालणं नाहीच, सस्पेन्शनचं आहे. खड्ड्यावरून जाताना एक पाय लांबतो, दुसरा आखडतो आणि धड जवळपास स्थिर राहतं. अशा रोबोटच्या व्हिडिओत लोक उड्या बघतात. तुम्ही धडाकडे बघा.

कल्पना जुनीच. टोकियोचे रोबोट-संशोधक शिगेओ हिरोसे यांच्या 'रोलर-वॉकर' या रोबोटची चाकं तर बिनमोटरची होती. पाय आतबाहेर हलवत तो स्केटिंग करायचा आणि चालायची वेळ आली की चाक आडवं वळवून त्याचाच तळवा करायचा! मला ही युक्ती आजही फार आवडते.

तोटे आहेतच. १२ मोटरच्या जागी १६ होतात. चाकाचं वजन नेमकं पायाच्या टोकाला येतं, त्यामुळे पाय झटकन हलवायला जास्त जोर लागतो. बहुतेकांची चाकं वळत नाहीत, म्हणून आडवं सरकायचं तर पाऊल उचलावंच लागतं. आणि कुठे घरंगळायचं, कुठे पाऊल टाकायचं हे क्षणाक्षणाला ठरवायचं असतं. हे नियम हाताने लिहिणं जिकिरीचं. म्हणून आता सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकातल्या आभासी जगात, असंख्य वेळा पाडून-उठवून रोबोटला ते शिकवतात. झ्युरिकच्याच गटाचा असा शिकलेला रोबोट झ्युरिक आणि सेव्हिलच्या रस्त्यांवर आपला आपण फिरला. ते काम २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

तेव्हा जागा पूर्ण सपाट असेल तर साधी चाकांची गाडी घ्या, स्वस्त पडेल. दगडधोंड्यांतच हिंडायचं असेल तर नुसते पाय बरे. बराच रस्ता सपाट आणि मध्येच चार पायऱ्या, असं असेल तिथे मात्र मी दोन्ही असलेलाच निवडेन.