जुन्या लुगड्याचं बिल कुठून आणायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाईंच्या ट्रंकेत ढीगभर नऊवारी लुगडी निघाली, त्यांच्या वाकळा, म्हणजे थरांच्या गोधड्या, आणि पिशव्या शिवून कराडात विकायच्या आहेत, आणि कर्जाला गेलात तर "कच्च्या मालाची कोटेशनं आणा" म्हणून परत पाठवलं. वाचून हसू आलं आणि रागही आला. हेच वाक्य मी सांगलीत ऐकलंय. म्हणून जरा लांबच लिहिते. धावदोरा कसा घालायचा, टीप कशी मारायची हे सांगत बसत नाही. लुगडी फाडायला निघालेल्या बाईला ते येत असणारच.

आधी कर्जाचं. मी ज्या कार्यालयात जात होते त्याचं नाव लिहीत नाही, अजून त्याच रस्त्यानं माझं जाणंयेणं आहे. तिथला पहिला प्रश्न होता, "हे भंगारात येतं का शिलाईत?" त्या माणसाला तरी काय बोलणार, त्याच्या संगणकात जे रकाने असतील तेच तो विचारणार. पण ते ठरेपर्यंत फाइल या टेबलावरून त्या टेबलावर, आणि साहेब मीटिंगला. पुढं प्रकल्प अहवालात कच्चा माल म्हणून मी लिहिलं होतं, 'घरोघरची जुनी सुती लुगडी, धोतरं, चादरी'. त्याला लाल पेनानं गोल. जीएसटी नंबर असलेल्या दुकानांची कोटेशनं लावा म्हणाले. आता शेजारच्या काकू जुनेर देणार, त्यांचा कुठला जीएसटी? बोहारणीकडून घ्यावं तर ती भांडं देऊन कपडे घेते आणि रोखीनं विकते, तिच्याकडं पावतीपुस्तक असतं होय?

मग तिथल्याच एकानं आवाज खाली करून तोडगा सांगितला. 'रेडीमेड गारमेंट' दाखवा, ओळखीच्या दुकानातून नव्या कापडाचं कोटेशन घ्या, लगेच मंजूर होईल. ऐकायला सोपं वाटतं. पण असल्या कर्जाचे पैसे बहुतेक वेळा आपल्या हातात येतच नाहीत, ज्याचं कोटेशन त्याच्या खात्यात जातात. म्हणजे पैसे दुकानदाराला, नव्या कापडाचे नको असलेले तागे माझ्या घरात, आणि हप्ता मी जुन्या लुगड्यांच्या वाकळा विकून फेडायचा. दुकानदार कमिशन कापून रोख परत देतो असंही सुचवलं गेलं, ते तर आणखी भयंकर. मी नाही म्हटलं. फाइलवर 'त्रुटी' असा शेरा पडला आणि ती तिथंच राहिली.

मला लागलं ते पैशाचं नाही, हंगाम गेल्याचं. वाकळेला गिऱ्हाईक असतं थंडीच्या तोंडावर. संक्रांत झाली की कुणी ढुंकून बघत नाही. ते सगळे महिने मी झेरॉक्सच्या दुकानात आणि बाकड्यावर घालवले. मदतीला येणार होती ती मुलगी वाट बघून एका ब्लाउजवालीकडं लागली, आणि हाताला इतकी सफाई असलेली मुलगी मला पुन्हा मिळाली नाही. असो.

तर माझं मत असं, आणि हे माझं मत आहे, मी काही सल्लागार नाही: ज्याचं कोटेशन मिळतं तेवढ्यासाठीच कर्ज मागा. मशीन, मोटर, कापायचं टेबल, इस्त्री. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज आहे, मशीन आणि मोटर त्यात बसते. जुन्या कपड्यांचा विषयच काढू नका. लपवायचं काही नाही, पण त्यांच्या कागदात त्याला जागा नाही. दुसरी २०२३ ला सुरू झालेली प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना. तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम येतं. प्रशिक्षणाला दिवसाचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर आणि पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, ५ टक्के व्याजानं. एका कुटुंबात एकालाच मिळतं, आणि घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर मिळत नाही. योजनांचे नियम बदलत राहतात, तेव्हा फॉर्म भरण्याआधी सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या सेवा केंद्रात, नीट विचारा. आमच्यासारखा बचत गट असेल तर मात्र आधी गटातच विचारा. माझं मशीन शेवटी गटाच्या अंतर्गत कर्जातून आलं, आणि तिथं कुणी लाल पेन काढलं नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायाची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती पूर्ण फुकट आहे, आधार आणि पॅन नंबरावर होते, कागद जोडावे लागत नाहीत. सरकारी साइटसारखं रूप घेऊन पैसे मागणाऱ्या साइट ढिगानं आहेत, तिथं पैसे भरू नका. व्यवसायाचा कोड निवडताना १३९२ हा गट बघा, अंगावरचे कपडे सोडून इतर तयार कापडी वस्तूंचा. वाकळ, पिशवी, उशीचा अभ्रा, सगळं त्यात येतं. भंगार का शिलाई हा वाद तिथंच मिटतो.

आता खरं सांगू का? माल विकत घेऊन किंवा गोळा करून वाकळा शिवायचा बेतच सोडा. कर्ज मिळालं तरी सोडा. अनोळखी माणसाचं नेसलेलं लुगडं अंगावर घ्यायला आपल्याकडं कुणी तयार नसतं. गिऱ्हाईक हात लावतं, "मऊ आहे हो" म्हणतं आणि मग विचारतं, "कुणाचं होतं?" इथं सौदा संपतो. २०१९ च्या महापुरानंतर आमच्याकडं मदत म्हणून जुन्या कपड्यांचे ढीग आले होते. घरातलं सगळं वाहून गेलेल्या बायकासुद्धा त्यातलं उचलायला नाखूश होत्या, बरेचसे कपडे तसेच चिखलात गेले. फुकटात नको असलेली वस्तू विकत कोण घेणार? प्रदर्शनात स्टॉलचं भाडं भरून हे शिकायची गरज नाही.

तीच बाई स्वतःच्या आईचं लुगडं मात्र पेटीच्या तळाशी जपून ठेवते. त्याची वाकळ करून द्या म्हटलं की मजुरीवरून घासाघीस करत नाही. म्हणून कापड गिऱ्हाइकाचं, मजुरी आपली. कच्चा माल नाही, त्यामुळं कोटेशन नाही, आणि घरात साठाही नाही. सासूबाईंच्या लुगड्यांतून नमुन्याच्या दोनतीन वाकळा शिवा, त्या विकू नका, नुसत्या दाखवायला ठेवा.

हिशेब सांगते. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. चार तुकडे केले की दोन दोन मीटरचे चार थर, म्हणजे एका लुगड्यात एका माणसाची वाकळ. सहावारी साडेपाच मीटर, तिच्यात दोन थर निघतात आणि दीड मीटर उरतं, ते कडेच्या पट्टीला आणि पिशवीला. माझ्याकडं तिघी बहिणी आल्या होत्या, आईचं एकच धड इरकल लुगडं घेऊन. प्रत्येकीला त्याचा वरचा थर दिला, खालचे थर जिच्या तिच्या घरच्या चादरी. चौथा तुकडा उरला, तो भावाला जाऊ दे म्हणाल्या.

लुगडं हातात आलं की गिऱ्हाइकासमोरच उजेडासमोर धरा. नऊवारी बसायच्या जागी आधी विरते. पूर्वीच्या बायका ती विरलेली जागा कापून दंड घालायच्या, म्हणजे धड तुकडे एकमेकांना जोडून शिवायच्या, आणि आणखी काही वर्षं नेसायच्या. आपण ती जागा आतल्या थरात टाकायची, बाहेर धड कापड. दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा, टरकलं तर "हे आतच जाईल" हे तेव्हाच सांगा आणि फोटो काढून ठेवा. नंतर "आमचं लुगडं तुम्ही फाडलंत" असं ऐकावं लागत नाही. उरलेल्या चिंध्यासुद्धा पिशवीत घालून परत द्या. लोक त्या टाकून देतील, पण टाकायचा हक्क त्यांचा.

नवं आणि जुनं एकत्र शिवत असाल तर नवं कापड, म्हणजे मांजरपाट (कोरं सुती कापड), आधी रात्रभर भिजवून वाळवा. जुनं सुती कापड आटून झालेलं असतं, नवं पहिल्या धुण्यात आटतं आणि वाकळ सुरकुतते. सुती का सिंथेटिक अशी शंका आली तर कडेचा दोरा काढून जाळा. सुती कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. पॉलिस्टरच्या साड्या वाकळेत नकोतच. घाम शोषत नाहीत आणि थर एकमेकांवरून घसरतात. त्यांची वेणी घालून पायपुसणी करा.

दर. मी नगावर दर लावत नाही, टाक्यावर लावते. चार फूट बाय साडेसहा फूट वाकळेला इंचा-इंचावर लांबीच्या ओळी घेतल्या तर ४८ ओळी, म्हणजे ३१२ फूट धावदोरा. दोन इंचावर घेतल्या तर तो निम्मा. "मागच्या वेळी स्वस्त केली होती" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी फूटपट्टी लावून ओळी मोजून दाखवते. हातटाका आणि मशीनची टीप यांचा दर एक ठेवू नका. पुण्याची गिऱ्हाइकं हातटाकाच मागतात, त्यांना मशीनची गळ्यात मारू नका, उलटवून बघतात.

पिशव्यांचं थोडक्यात. २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा वाटलं होतं, आता कापडी पिशव्यांना दिवस आले. दुकानदारांनी काय केलं? कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-ओव्हन पिशव्या आणल्या. त्या पॉलीप्रॉपिलीनच्या असतात, म्हणजे प्लास्टिकच. त्यांच्या भावाशी आपण बरोबरी करू शकत नाही, त्या फंदात पडू नका. जुन्या जीन्सच्या भाजीच्या पिशव्या मात्र चालतात, ओझं सोसतात. मशीनला १६ नंबरची सुई लावा, शिवण एकावर एक येते तिथं हातानं चाक फिरवून पुढं न्या, नाहीतर सुई मोडून डोळ्यात उडायची. बाळाची दुपटी आणि कुंच्या पण बघा. आजीच्या लुगड्याचं दुपटं हे मला न मागता मिळणारं काम आहे, बारशाच्या आधी घाईघाईनं येतात. फक्त कुंचीला जरीचा काठ गळ्याशी घेऊ नका, बाळाला टोचतो.

दोरा कुठला वापरायचा हे तुम्ही शेवटी विचारलंय. माझा आग्रह सुती दोऱ्याचाच. पक्का पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही हे खरं, पण जुनं मऊ कापड त्यानं काचत जातं असा माझा अनुभव आहे. इतर बायका वेगळं सांगतील. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड टरकलं तर काय घालणार? रंग लुगड्याच्या काठाशी जुळता घ्या, पांढरा वापरला तर पहिल्याच धुण्यात इरकलचा रंग त्याला लागतो.