शंका विजेची: 529 की 38?

प्रश्न: स.न.वि.वि. मुलगी दहावीला आहे. तिला विजेचा धडा समजावताना मीच अडकलो. घरात 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब आहे. 230 व्होल्ट धरून त्याचा रोध सूत्राने 529 ओहम येतो. मल्टिमीटर लावला तर 38! शेल बदलून पाहिला, तरी तेच. दुसरं म्हणजे आमच्याकडे संध्याकाळी जेमतेम 180 व्होल्ट येतात. शेजारचे मोटार भरणारे मिस्त्री म्हणतात, व्होल्टेज पडलं की करंट वाढतो, तेव्हा गीझर लावू नका, वायर जळेल. खरं का?
– एक पालक, सांगोला तालुका

उत्तर: तुमचं गणितही बरोबर आणि मीटरही बरोबर.

मी आयटीआयला 27 वर्षं इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवला. दरवर्षी पोरांच्या हातात बल्ब आणि मीटर द्यायचो. मीटर 37-38-40 असं काहीतरी दाखवायचा, जर्नलमध्ये मात्र सगळ्यांचं 529! मागच्या बॅचची वही मिळाली की मीटरकडे बघतो कोण? मी ते 529 लाल पेनने खोडायचो आणि पोरं चक्रावायची, कारण पुस्तकात तर तेच उत्तर.

आधी सूत्राचा आकडा कुठून आला ते बघू. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. 100 ला 230 ने भागलं की 0.43 अँपिअर. आता व्होल्टला अँपिअरने भागा, 230 भागिले 0.43 (मधला आकडा पूर्ण धरला तर) म्हणजे 529 ओहम. पण हे पेटलेल्या बल्बचं झालं. पेटल्यावर आतली टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, आणि तापली की तिचा रोध दहा-पंधरा पटींनी चढतो. तुमचा मीटर आपल्या शेलवर तिच्यातून नखभर करंट सोडतो. तेवढ्याने तार तापत नाही. म्हणून तो थंड तारेचा रोध सांगतो, 38.

आता याच 38 वरून एक गंमत काढा. बटण दाबता त्या क्षणी तार थंडच असते. 230 भागिले 38, म्हणजे 6 अँपिअर! क्षणभरच, पण नेहमीच्या चौदापट. जुने बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच का उडायचे, ते मुलीला यावरून सांगा.

गरम बल्बचा रोध मोजायचा तर ओहमचं बटण विसरा. चालू बल्बला ओहमवर मीटर लावलात तर मीटर जाईल, हातालाही धोका. क्लॅम्प मीटर (वायर न तोडता जबड्यात धरून करंट मोजणारा) घ्या, करंट बघा आणि भागाकार करा. क्लॅम्पमध्ये एकच वायर घालायची; दोन्ही घातल्या तर शून्य दिसतं. 0.43 सारखा बारीक करंट नीट दिसत नसेल, तर स्विच बंद करून एका वायरीचे दहा वेढे जबड्यातून घ्या. मग 4.3 दिसेल, त्याला दहाने भागा. ही युक्ती मला कुठल्या पुस्तकात नाही, एका म्हाताऱ्या वायरमनकडून मिळाली.

आता गीझर. मिस्त्रींचं म्हणणं मोटारीला खरं आहे, आणि त्यांचा जन्म मोटारी भरण्यातच गेला. विहिरीवरच्या मोटारीला पाणी तेवढंच उचलायचं असतं. व्होल्टेज पडलं की ती जादा करंट ओढते, कॉइल तापते आणि मिस्त्रींना काम मिळतं. (मोटारीला नुसतं व्होल्ट गुणिले अँपिअर करून वॉट येत नाहीत, पॉवर फॅक्टर मध्ये येतो. तो विषय पुन्हा कधीतरी.)

गीझरची कॉइल साधी आहे. तिची नायक्रोमची तार तापली तरी रोध फारसा बदलत नाही. 2000 वॉटचा गीझर 230 ला 8.7 अँपिअर घेतो, म्हणजे रोध साधारण 26.5 ओहम. 180 व्होल्टला तोच रोध धरा: करंट 6.8, पॉवर 1225 वॉट. करंट घटला, वाढला नाही. वायर कशी जळेल? फक्त वेळ लागेल. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 ला न्यायला 21 मिनिटं लागत होती, तिथे आता 34. बिलही वाढणार नाही, दोन्ही वेळा साधारण 0.7 युनिटच.

तुमच्या पत्रात नाही, पण मला काळजी गीझरच्या पिनची वाटते. वायर जळण्याआधी ढिली पिन जळते. सॉकेटमध्ये पिन हलत असेल आणि तिथे अर्धा ओहम जरी रोध आला, तरी 8.7 चा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे 38 वॉट नुसत्या पिनेवर. आमच्या वर्कशॉपमधलं सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं होतं! मेन बंद करा आणि पिन काढून बघा. पितळ काळवंडलं असेल, सॉकेटचं भोक तपकिरी झालं असेल, तर पिन-सॉकेट दोन्ही बदला. 16 अँपिअरचंच घ्या, 6 चं चालणार नाही. मागे तांब्याची निदान अडीच चौरस मिलिमीटरची वायर हवी. मी स्वतः चारची ओढतो. आणि अर्थिंग नसेल तर आधी ते करा, मुलीचा धडा दोन दिवस थांबला तरी चालेल.