वाचकांचे प्रश्न : दोन डिस्क बंद पडलेल्या रेड संचातील माहिती परत मिळेल का?

प्रश्न : नारायण पेठेत आमचे पुस्तकांच्या मांडणीचे छोटे कार्यालय आहे. सगळे काम नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या सामाईक साठवण-पेटीवर, असते. त्यात प्रत्येकी ४ टेराबाइटच्या चार हार्ड डिस्क रेड-५ पद्धतीने, म्हणजे मिळून एकच संच म्हणून, जोडलेल्या आहेत. तीन आठवड्यांपूर्वी तिसऱ्या डिस्कचा दिवा लाल झाला. पण काम अडत नसल्याने आम्ही ती बदलली नाही. परवा वीज जाऊन आल्यावर पहिली डिस्कही बंद दिसू लागली आणि एकही फाइल उघडेना. विक्रेता दोन नव्या डिस्क घालून संच ‘इनिशिअलाइझ’ करायला सांगतो. दिवाळी अंकांची तयार पाने त्यात अडकली आहेत. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : इनिशिअलाइझ मुळीच करू नका. त्या आदेशाने नवा, रिकामा संच तयार होतो, जुन्या संचाची रचना सांगणाऱ्या नोंदी पुसल्या जातात आणि पाठोपाठ पॅरिटी (हरवलेली माहिती काढून देणारी जोड-नोंद) नव्याने लिहिली जाऊ लागली, तर आज शाबूत असलेली माहितीही कायमची नष्ट होते. नॅस बंद करा, कोणती डिस्क कोणत्या खणात होती तो क्रमांक तिच्यावर लिहा आणि मगच त्या बाहेर काढा. फाइल-व्यवस्था दुरुस्त करणारे प्रोग्रॅमही सध्या चालवू नयेत, कारण ते मूळ डिस्कवरच लिहितात.

रेड-५ मध्ये माहिती चारही डिस्कवर पसरलेल्या पट्ट्यांत लिहिली जाते; प्रत्येक पट्ट्यातील तीन भागांत माहिती आणि चौथ्या भागात त्यांची पॅरिटी असते. तीन डिस्कवरील बिट १, ० आणि १ असतील, तर १ ची संख्या सम असल्याने पॅरिटी ० येते. त्यामुळे चारांपैकी कोणताही एक बिट हरवला तरी उरलेल्या तिघांवरून तो काढता येतो. दोन हरवले की गणित सुटत नाही. मात्र संचाने बाहेर काढलेली डिस्क पूर्णपणे निकामी झालेलीच असते असे नाही. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरील माहितीचा छोटा कप्पा, वाचताना घरगुती वापराची डिस्क बराच वेळ धडपडत राहते, तेवढा वेळ थांबायला नॅस तयार नसतो आणि तो तिला बाद ठरवतो. वीज जाता-येतानाही असे घडते. अशा डिस्कवरील बहुतेक सारी माहिती जागच्या जागी असते, म्हणून आपल्याला आशा ठेवायला जागा आहे.

यापुढचे काम प्रतींवर करायचे. चारही डिस्कची सेक्टरन्‌सेक्टर प्रत तितक्याच किंवा मोठ्या क्षमतेच्या डिस्कवर घ्यावी. लिनक्सवरील जीएनयू डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. निरोगी ४ टेराबाइट डिस्कला सात-आठ तास लागतात. दुखावलेलीला काही दिवसही लागू शकतात. निरोगी डिस्कसाठी तपकीर गल्लीच्या आसपास मिळणारे यूएसबी अडॅप्टर चालेल. दुखावलेली मात्र संगणकाच्या साटा जोडणीवर थेट लावावी. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर तिला पुन्हा वीज देऊ नका. ते काम धूळमुक्त कक्ष असलेल्या प्रयोगशाळेचे आहे.

आपल्या बाबतीत कोणती डिस्क आधी गेली, यावर सारे अवलंबून आहे. तिसरी डिस्क तीन आठवड्यांपूर्वीच्या स्थितीत थांबलेली आहे, तर पहिली परवापर्यंत लिहिली जात होती. म्हणून पहिली, दुसरी आणि चौथी यांच्या प्रतींवरूनच संच उभा करायला हवा. घाईत तिसरीला त्यांत मिसळले, तर जुनी-नवी माहिती एकत्र होऊन नेमकी अलीकडची पाने बिघडतील. अनेक नॅस आतून लिनक्सच वापरतात. त्यांच्या डिस्कवर घटनांचा एक क्रमांक नोंदलेला असतो, तो लिनक्सवरील एमडीअ‍ॅडम या रेड हाताळणाऱ्या प्रोग्रॅमने तपासला की मागे पडलेली डिस्क ओळखू येते. तिला वगळून उरलेल्या तिघांच्या प्रती सक्तीने जोडाव्यात आणि त्या केवळ वाचण्यापुरत्या उघडाव्यात.

तरीही तिसरी टाकून देऊ नका. पहिलीवरील जे थोडे सेक्टर वाचता आले नाहीत, त्या पट्ट्यांत गेल्या तीन आठवड्यांत काही लिहिले गेले नसेल, तर तिसरीच्या जुन्या माहितीवरून ते काढता येतात. हे नाजूक काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे.

फायलींची नावे दिसली म्हणून निश्चिंत होऊ नये. डिस्कचा क्रम चुकला तरी एका डिस्कवर सलग लिहिल्या जाणाऱ्या एकाच तुकड्यात मावणाऱ्या छोट्या फायली नीट उघडू शकतात. हा तुकडा बहुधा ६४ ते ५१२ किलोबाइटचा असतो. शेकडो मेगाबाइटची मुखपृष्ठे आणि स्कॅन पहिल्यापासून शेवटपर्यंत उघडून पाहा, आणि मगच त्या फायली वेगळ्या डिस्कवर उतरवा.

पुढचा संच घेताना दोन डिस्क गेल्या तरी चालणारी रेड-६ पद्धत निवडावी. कारण रेड-५ मध्ये एक डिस्क बदलताना उरलेल्या तिन्ही, म्हणजे आपल्याकडे १२ टेराबाइट, पूर्ण वाचाव्या लागतात; आणि साध्या डिस्कसाठी उत्पादक सुमारे १२.५ टेराबाइटमागे एक न वाचता येणारा सेक्टर, ही मर्यादा देतात. अंकांची प्रत मात्र तरीही नॅसबाहेर वेगळी ठेवावी लागेल, कारण चुकून पुसलेली फाइल कोणतेही रेड परत देत नाही.

प्रयोगशाळेत जायचे ठरल्यास चारही डिस्क आणि नॅस सोबत न्या, आणि तिसरी व पहिली कोणत्या तारखांना बंद पडल्या ते कागदावर लिहून द्या.